करंट घेतला, पुढे काय?

१७५७च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनहून जॉन प्रिंगल या डॉक्टरमित्राला एक पत्र लिहिले. पतंगाच्या प्रयोगाला पाच वर्षे होऊन गेली होती. पत्राच्या काही वर्षे आधी, तो अमेरिकेत असताना, इटली-जर्मनीत विजेने म्हणे लकवा बरा होतो, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. त्या वाचून पेनसिल्व्हेनियाच्या निरनिराळ्या भागांतून हातपाय लुळे पडलेली माणसे फ्रँकलिनच्या दारी येत. तो त्यांना खुर्चीत बसवी, आधी लुळ्या अवयवातून ठिणग्या काढी आणि मग काचेच्या दोन मोठ्या बरण्यांत साठवलेल्या विजेचा झटका त्यातून जाऊ देई. असे दिवसातून साधारण तीनदा. अवयवात ऊब येई, रात्री टोचल्यासारखे होई, दुसऱ्या दिवशी हात थोडा जास्त उचलता येई. पाचव्या दिवसापर्यंत हे चाले. त्यापुढे सुधारणा थांबे, झटके सोसून कंटाळलेली माणसे घरी परतत आणि थोड्याच दिवसांत होती तशी होत.

दुसरा कोणी असता तर त्याने पहिल्या पाच दिवसांचाच गाजावाजा केला असता. फ्रँकलिनने मात्र पत्रात आपली शंका मांडली. हा तात्पुरता गुण विजेचा किती, रोज उठून त्याच्या घरापर्यंत येण्यात जो व्यायाम झाला त्याचा किती, आणि ‘आता आपण बरे होणार’ या आशेने रुग्णाने जास्त जोर लावला त्याचा किती, हे सांगायचे धाडस त्याने केले नाही. ती माणसे लकव्याची होती, दुखण्याची नव्हती. तरीही गुडघा, खांदा, मनगट किंवा पाऊल वर्षानुवर्षे दुखणाऱ्या माणसाला आज जी विद्युत-उपचारपद्धती दिली जाते, तिच्यावरचे निम्मे संशोधन याच शंकेभोवती फिरते आहे.

दुखण्यावर वीज वापरण्याची युक्ती फ्रँकलिनपेक्षा फार जुनी. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, साधारण ४७च्या सुमारास, औषधयोगांचा एक ग्रंथ लिहिला. पायाच्या संधिवातावर त्यात उपाय दिला आहे तो असा : समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर उभे राहावे, जिवंत काळा टॉर्पेडो मासा पायाखाली घ्यावा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो तसेच थांबावे. हा मासा शरीरात वीज तयार करतो. ती वीज आहे हे लार्गसला कळायचे कारण नव्हते, पण ‘बधिर होईपर्यंत’ ही मात्रा त्याने बरोबर हेरली होती.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले की या प्रकाराचे आजचे रूप बघायला मिळते. पलंगावर आजी आडव्या झालेल्या, गुडघ्याखाली उशी. गुडघ्याच्या चार बाजूंना चार पॅड, खाली ओले स्पंज, वर पट्टा आवळलेला. “आजी, मुंग्या आल्या की सांगा.” बटण हळूहळू फिरते. “आल्या.” “अजून थोडं वाढवू? सहन होतंय ना?” मग पंधरा-वीस मिनिटांचा टायमर लागतो, पडदा ओढला जातो आणि फिजिओ पलीकडच्या खांदेवाल्याकडे वळतात. घरी फोन जातो, “करंट घेतेय, अर्ध्या तासात येते.” या सगळ्याला बोलीभाषेत कधी ‘शेक’ म्हणतात, कधी ‘मशीन लावणे’. खरे तर यात शेक नसतो. कातडी गरम होत नाही, आणि झालीच तर काहीतरी चुकते आहे असे समजावे.

चार पॅडवाले हे यंत्र म्हणजे आयएफटी, इंटरफेरेन्शियल थेरपी. ऑस्ट्रियातल्या हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात ते पुढे आणले. पॅडच्या एका जोडीतून सेकंदाला ४,००० आवर्तनांचा प्रवाह जातो, दुसऱ्या जोडीतून ४,१००चा. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्यांच्या फरकाची, म्हणजे सेकंदाला १००ची लय तयार होते. जास्त वारंवारतेच्या प्रवाहाला कातडीचा अडथळा कमी होतो, म्हणून हा करंट ‘आत खोलवर जातो’ असे सांगितले जाते. दोनच पॅडवाले, खिशात मावणारे आणि बॅटरीवर चालणारे दुसरे यंत्र म्हणजे टेन्स. कातडीवरून चेतातंतूंना सौम्य विद्युत-स्पंद देणे एवढेच त्याचे काम. दोघांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा आयएफटीचा खोलवरचा दावा वेदनेच्या हिशेबात फारसा उतरलेला नाही. मोठ्या यंत्राचा दबदबा वेगळा आणि गुण वेगळा.

पण मुळात मुंग्यांनी दुखणे कमी का व्हावे?

याचे पटण्याजोगे उत्तर नोव्हेंबर १९६५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा एक नवा सिद्धांत मांडला. तोवरची समजूत सरळ होती : पायात काटा रुतला की तिथली तार थेट मेंदूत घंटा वाजवते. या दोघांचे म्हणणे, मज्जारज्जूत वाटेवर एक दार आहे. वेदनेचा निरोप नेणारे तंतू बारीक असतात. त्यांतले सर्वांत बारीक, ‘सी’ जातीचे तंतू सेकंदाला जेमतेम एखाद-दोन मीटर वेगाने निरोप नेतात. स्पर्शाचा, कंपनाचा निरोप नेणारे ‘ए-बीटा’ तंतू जाड असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला पस्तीस मीटरच्या वर असतो. जाड तंतूंतून भरपूर निरोप येऊ लागले की मज्जारज्जूतल्या मधल्या पेशी ते दार लोटून घेतात आणि बारीक तंतूंचा निरोप वर पोचताना क्षीण होतो. कोपर दाराला आपटले की माणूस नकळत तिथे चोळतो, आई मुलाच्या ढोपरावर फुंकर घालून हात फिरवते, त्यामागे हेच आहे.

विजेच्या कामी यातली एक गोष्ट अगदी सोयीची पडली. तंतू जितका जाड तितका तो कमी करंटने चेततो. म्हणजे बटण हळूहळू फिरवत गेले तर आधी जाड तंतू जागे होतात आणि मुंग्या येतात, त्यानंतर स्नायू फडफडतो, आणि वेदनेचे तंतू सर्वांत शेवटी उठतात. मुंग्या आणि दुखणे यांच्या मधल्या पट्ट्यात राहायचे, एवढेच टेन्सचे सारे तंत्र.

वॉल यांनी कागदावरच्या सिद्धांतावर समाधान मानले नाही. बोस्टनचे मेंदू-शल्यविशारद विल्यम स्वीट यांच्याबरोबर त्यांनी आधी स्वतःच्याच डोळ्याखालच्या चेतातंतूपाशी सुई घालून करंट सोडून पाहिला. मग तीव्र, जुनाट दुखणे असलेल्या आठ रुग्णांवर तो प्रयोग केला. सेकंदाला १०० स्पंद, प्रत्येक स्पंद एक दशसहस्रांश सेकंदाचा, आणि दुखऱ्या भागात मुंग्या येतील इतका विद्युतदाब. करंट चालू असताना एरवी हात लावू न देणारी जागा दाबली तरी दुखेना. ज्यांच्या चेतातंतूंनाच इजा होती अशा चौघांना दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासापेक्षा जास्त काळ आराम मिळाला. हे निष्कर्ष १९६७मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नॉर्मन शीली या अमेरिकी शल्यविशारदाने कर्करोगाच्या वेदनेने हैराण झालेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर थेट इलेक्ट्रोड बसवला. गंमत अशी, की कातडीवरून करंट देण्याची छोटी यंत्रे सुरुवातीला वापरली गेली ती शस्त्रक्रियेसाठी योग्य रुग्ण निवडण्यासाठी, निव्वळ चाचणी म्हणून. काही रुग्णांना त्या चाचणीनेच इतके बरे वाटले की शस्त्रक्रियेची गरज उरली नाही.

दाराचा सिद्धांत पुढे बराच दुरुस्त झाला. दार मज्जारज्जूतच असते असे नाही, वरून मेंदूही ते लोटतो. शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्ये तयार करते हे १९७५मध्ये जॉन ह्यूजेस आणि हॅन्स कॉस्टरलिट्झ यांनी दाखवल्यावर करंटचा तिथे काय संबंध हे तपासणे सुरू झाले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांच्या प्रयोगशाळेने यावर अनेक वर्षे काम केले आहे. सेकंदाला दोन-चार स्पंदांचा मंद करंट या द्रव्यांच्या ‘म्यू’ जातीच्या ग्राहींमार्फत काम करतो, शंभराच्या आसपासचा जलद करंट ‘डेल्टा’ जातीच्या. मॉर्फिनही ‘म्यू’ ग्राहींवरच काम करते. म्हणून दीर्घकाळ तसल्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला मंद करंटचा गुण कमी येण्याची शक्यता असते आणि तिथे जलद करंट निवडावा लागतो. याच गटाने निरोगी माणसांवर केलेल्या २०११च्या एका प्रयोगात, रोज तोच करंट तसाच दिला तर पाचव्या दिवसापर्यंत त्याचा परिणाम ओसरतो असेही दिसले. पाचवाच दिवस हा योगायोग आहे. फ्रँकलिनचे झटके आणि हे स्पंद यांची जात वेगळी. शरीराला सवय लागते हे मात्र खरे, आणि त्यावर उपाय म्हणजे वारंवारता बदलत राहणे किंवा ताकद थोडी वाढवणे.

आता पुराव्याकडे. इथे चित्र गोंधळाचे आहे आणि गोंधळ समजून घेण्यासारखा आहे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने, जी तिथल्या सरकारी दवाखान्यांना कोणते उपचार द्यावेत हे सांगते, एप्रिल २०२१मध्ये स्पष्ट लिहिले : ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नये. २०२२मध्ये गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठीही तिने तेच सांगितले, जरी तिच्याच २०१४च्या सूचनांत टेन्सला पूरक उपचार म्हणून जागा होती. २०१९मध्ये कॉक्रेन या संशोधन-समीक्षेच्या संस्थेने जुनाट वेदनेवरच्या टेन्सचा आढावा घेतला आणि उपलब्ध अभ्यास इतके कच्चे आहेत की होय किंवा नाही काहीच म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. उलट २०२२मध्ये लीड्सच्या मार्क जॉन्सन यांच्या गटाने सगळ्या प्रकारच्या वेदनांवरच्या ३८१ चाचण्या एकत्र तपासल्या. करंट चालू असताना आणि तो बंद केल्यावर लगेच, नकली करंटच्या तुलनेत वेदना कमी असते, असे त्यांना दिसले. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१० सालीच विभागणी केली होती : जुन्या कंबरदुखीवर टेन्स निरुपयोगी, मधुमेहाने पायांच्या चेतातंतूंत होणाऱ्या जळजळीवर बहुधा उपयोगी.

इतकी मतांतरे का? एक अडचण नकली उपचाराची. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, पण मुंग्या आल्या की नाही हे तर रुग्णाला कळतेच. म्हणून काही संशोधक अर्धा-पाऊण मिनिट खरा करंट देतात आणि मग तो गुपचूप उतरवतात. बऱ्याच जणांना वाटते, सवय झाली. दुसरी अडचण मात्रेची. कित्येक अभ्यासांत करंट इतका कमी ठेवला गेला की मुंग्या जेमतेम जाणवाव्यात. ‘जोरात, पण सोसेल इतका’ ही पातळी गाठली तरच गुण येतो, हे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरच्या चाचण्यांत आधीच दिसले होते. अर्धी गोळी देऊन औषध निकामी ठरवण्याचा हा प्रकार. तिसरी अडचण प्रश्नाची आहे, आणि या सगळ्यात तीच महत्त्वाची. बहुतेक चाचण्यांनी रुग्णाला विचारले : बसल्या जागी, आत्ता, किती दुखते आहे?

ज्याचा गुडघा सात वर्षे दुखतो आहे त्याची तक्रार ती नसते. तो खुर्चीत बसलेला असताना बरा असतो. जिना उतरताना चमक मारते, भारतीय संडासात बसता येत नाही, एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना दांडा धरून श्वास घ्यावा लागतो. दुखेल या भीतीने तो चालणे कमी करतो, मांडीचा स्नायू सुकतो, सुकलेल्या स्नायूमुळे सांध्यावर भार वाढतो आणि आणखी दुखते. हे चक्र पलंगावर झोपून, पडद्याआड, मोबाइल बघत घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या करंटने कसे तुटणार? टायमर वाजतो, आजी उतरतात, घरी जातात. करंटने दिलेला तासाभराचा आराम रिक्षात आणि सोफ्यावर संपतो.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने हा प्रश्न उलटा करून विचारला. तिच्यात ३०१ स्त्रिया होत्या. त्यांना फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा विकार होता. एका गटाला खरा टेन्स, दुसऱ्याला नकली, तिसऱ्याला काहीच नाही. अट अशी, की यंत्र रोज दोन तास लावायचे आणि तेही घरकाम करताना, चालताना, हालचाल चालू असताना. मोजले तेही हालचालीच्या वेळचे दुखणे. चार आठवड्यांनी दहाच्या पट्टीवर खऱ्या टेन्सवाल्यांचे दुखणे नकलीपेक्षा सरासरी १ अंकाने आणि काहीच न घेणाऱ्यांपेक्षा १.८ने कमी होते. ‘मला फरक पडला’ असे सांगणाऱ्या खऱ्या गटात ७० टक्के, नकली गटात ३१ आणि काहीच नसलेल्या गटात ९. आकड्यांत आशेचा वाटाही लख्ख दिसतो : ९वरून ३१वर नेले ते नुसत्या आशेने आणि देखभालीने, उरलेली उडी करंटची. हा विकार हातापायापुरता नाही, त्यामुळे हे आकडे गुडघ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण यंत्र केव्हा लावायचे याचे उत्तर त्यात आहे. टेन्स लावून जिना चढावा, टेन्स लावून भाजी आणायला जावे, दुखऱ्या खांद्याला टेन्स लावून भिंतीवर बोटे चढवावीत. तेवढ्या वेळात जो व्यायाम होतो तो खरा उपचार. करंटने त्याला वाट करून दिली.

करंटचा दुसरा उपयोग दुखणे दाबण्याचा नाहीच, स्नायूला कामाला लावण्याचा आहे. दुर्दैवाने दवाखान्यांत तो पहिल्याइतका दिसत नाही. गुडघ्याचे प्रत्यारोपण झाल्यावर मांडीचा पुढचा स्नायू जणू बंद पडतो. रुग्ण मनापासून जोर लावतो, पण सुजलेल्या सांध्यातून येणारे निरोप मज्जारज्जूतच त्या स्नायूला अडवतात. अशा वेळी मांडीवर दोन मोठे पॅड लावून तगडा करंट दिला तर स्नायू मालकाची परवानगी न घेता दगडासारखा घट्ट होतो, काही सेकंद तसाच राहतो आणि सैल पडतो. बघणाऱ्याला विचित्र वाटते, रुग्णाला तर पहिल्यांदा धडकीच भरते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ६६ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या फिजिओथेरपीखेरीज एका गटाच्या मांडीला, शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांत सुरुवात करून सहा आठवडे, दिवसातून दोनदा, दर खेपेला अशी पंधरा आकुंचने दिली गेली. त्यांच्या मांडीची ताकद आणि चालणे इतरांपेक्षा चांगले राहिले आणि काही फरक वर्षभरानंतरही टिकला होता.

या उपचारांचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली आणि १९५५मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. त्या काळी पोलिओने लुळी झालेली मुले हा मोठा प्रश्न होता. आज रांगेत मुख्यतः गुडघे आहेत, आखडलेले खांदे आहेत आणि मधुमेहाचे पाय आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आहे. या पायांबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक : करंट जिथे लावायचा तिथे कातडीला संवेदना आहे ना, हे आधी बघावे लागते. बधिर पावलावर पॅड नीट चिकटला नाही, स्पंज सुका राहिला, तर करंट एका ठिपक्यात एकवटतो, कातडी भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही. ऑनलाइन मागवलेले यंत्र सासऱ्यांच्या पायाला लावण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे. हृदयात पेसमेकर असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. गरोदरपणी पोटावर आणि कोणाच्याही गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड लावायचेच नाहीत.

इतके करूनही ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी शीलींची वाट आहे. कधी मनगटाचे हाड मोडते, प्लास्टर निघते, हाड जुळते आणि त्यानंतर हात सुजतो, तापतो, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही. याला सीआरपीएस म्हणतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट इथे अशा ५४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०००मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना फिजिओथेरपी दिली, त्यांतल्या ३६ जणांसाठी मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवायचे ठरले. त्यातही आधी तात्पुरता बसवून पाहिला आणि ज्यांना गुण आला अशा २४ जणांनाच कायमचा बसवला. सहा महिन्यांनी मज्जारज्जूच्या करंटसाठी निवडलेल्या गटाचे दुखणे दहाच्या पट्टीवर २.४ने उतरले होते, निव्वळ फिजिओथेरपीवाल्यांचे ०.२ने वाढले होते. पण हाताचे किंवा पायाचे काम? त्यात दखल घेण्याजोगी सुधारणा झाली नव्हती. दुखणे कमी झाले म्हणून बोटे आपोआप शर्टाचे बटण लावायला लागत नाहीत. पाच वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा दोन गटांतला वेदनेचा फरकही आकडेशास्त्राच्या कसोटीवर उरला नव्हता. तरीही यंत्र बसवलेल्या रुग्णांना विचारले, की एवढाच गुण येणार हे माहीत असते तर पुन्हा हे केले असते का. ९५ टक्के जण हो म्हणाले.